गरजेपुरता कर्नल

विसरायला लागलेले बाबा कुठे भरकटू नयेत म्हणून मुलाने घराच्या दाराला कॉम्प्युटरवर चालणारं कुलूप बसवलं होतं. आज सुट्टी होती, म्हणून त्याने त्या कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम, हौसेने छाटून अगदी गरजेपुरता ठेवला. बाकीची मॉड्यूल्स, म्हणजे त्याचे सुटे भाग, तो लागतील तशी डिस्कवरून उचलेल की! रीस्टार्ट केल्यावर मात्र त्याने कपाळावर हात मारला. डिस्क वाचायचं मॉड्यूलही त्याने डिस्कवरच टाकलं होतं. किल्ली आत ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं. कुलूप ढिम्म हलेना. फोन खाली गाडीत राहिलेला. तो दारावर धडाधड मुठी आपटू लागला, "अरे, कुणी आहे का बाहेर?"

बाबांनी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

"बस बाळा, हात दुखतील. तू ऑफिसला गेलास की मीही वाजवतो. कुणी येत नाही."