फळ्यांखालचा हौद

"एवढं एक वाक्य काढा, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले. "शताब्दीला सरपंच पाहुणे आहेत."

मी आमच्या बॅप्टिस्ट चर्चचा इतिहास लिहिला होता. वाक्य असं होतं: 'बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरायला गावाने आमच्या लोकांना मनाई केली, म्हणून चर्चमध्येच हौद बांधला.' हे मला नव्वदीच्या राहेलबाईंनी सांगितलं होतं. लहानपणी त्यांनी आईबरोबर दोन मैलांवरच्या ओढ्यातून डोक्यावर पाणी आणून तो हौद भरला होता.

मी वाक्य खोडलं.

शताब्दीच्या सकाळी हौदावर फळ्या आणि सतरंजी टाकून खुर्च्या मांडल्या. भाषणाला उठताना सरपंचांच्या पायाखाली फळी पोकळ वाजली. "खाली काय आहे?" त्यांनी सहज विचारलं.

"बाप्तिस्म्याचा हौद," मी म्हणालो.

"नदी एवढी जवळ असताना?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माईक चालू होता.

"तेव्हा नदीला पाणी नसायचं, साहेब," मी म्हणालो.

राहेलबाई पहिल्याच बाकावर होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.