उशिरा पडणारा पाय

"बाबा, आत या ना. आता कोण अडवतंय तुमाला?" जनी म्हणाली.

हिरामण राजवाड्याच्या दरवाजात थांबला होता. इथपर्यंत तो तरुणपणी दर वर्षी यायचा. आत मात्र कधी गेला नव्हता. त्याने चपला काढून हातात घेतल्या.

"घाला त्या. हॉटेल हाय आता हे."

त्याने घातल्या नाहीत.

रोह्याबाहेरच्या या राजवाड्यात आता पाहुणे उतरत. गणपती गेले की तिथे जुन्या नाचांचा महोत्सव भरे. मुक्कामाला असतील त्यांनाच नाच बघता येई, म्हणून जनीने एका रात्रीसाठी खोली घेतली होती. तिचा नवरा डोलवीला कंपनीत होता. तो शिफ्टमुळे आला नाही.

आई, चंद्रावती, गेल्यापासून बापाने काहीच मागितलं नव्हतं. त्या महोत्सवात यंदा गौरीचा जुना नाच आहे, उरलेल्या म्हाताऱ्या तो करणार आहेत, हे कानावर आलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "तुझी आयस कशी नाचायची ते एकदा बघायचंय मला."

खोलीतला पलंग उंच होता. हिरामणने गादी दाबून पाहिली आणि खाली जमिनीवर बसला.

"याच्यावर झोप येल तुला?"

"तुमी खालीच झोपा. मी होते राणी," जनी म्हणाली.

तो हसला. जनीला बरं वाटलं.

खिडकीतून चौक दिसत होता. खुर्च्या मांडणं चाललं होतं. पलीकडची भिंत अजून चुन्याचीच होती. भिंतीमागे चिंचेचा शेंडा दिसत होता.

"त्या चिंचेखाली बसायचो आमी," हिरामण म्हणाला.

तेव्हा राजवाड्यात गौर बसे. खाडीकाठच्या गावांतल्या बायका तिच्यापुढे नाचायला येत. पुरुषांनी तो नाच बघायचा नाही, असा रिवाज होता. बायका आत गेल्या की दरवाजा लागे. त्यांच्याबरोबर आलेले पुरुष भिंतीबाहेर कंदील ठेवून बसत, विड्या ओढत. वेळ जाईना झाला की हिरामणला गायला लावत. घरी तो कधी गात नसे. त्याच्या बापाला गाणं खपत नसे. "मिठागरात कामं कर, तमाशात जाऊ नको," म्हणायचा. चिंचेखाली मात्र त्याचा गळा मोकळा सुटे.

आतून पावलांचा आवाज येई. सगळ्या पावलांत एक पाऊल जरासं मागून पडे. ते चंद्राचं, हे हिरामणने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं. कसं, ते त्याला सांगता आलं नसतं. ते पाऊल ऐकू आलं की त्याच्या गाण्याला जोर येई.

ती बाहेर यायची तेव्हा तिच्या गालाला चुना लागलेला असे. तो अंगठ्याने पुसायचा. म्हणायचा, "पाय उशिरा पडतो गो तुझा."

ती हसायची. "तुमाला बरं कळतं."

परतताना अष्टमी गावाच्या पुलावर बाकीच्या बायका पाय धरून बसायच्या. चंद्रा मात्र दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन पुढे चालायची. एवढं नाचूनही आपली बायको दमत नाही, याचा त्याला अभिमान होता. गावातल्या हळदीला ती नाचत नसे, भाकऱ्या थापायला बसे. कोणी विचारलं तर तोच सांगायचा, "तिचा नाच गौरीपुढचा."

पुढे राजवाड्यातली गौर बंद झाली. त्याचं गाणंही तिथेच राहिलं.

"मी पण आयला कधी नाचताना पायलं नाय," जनी म्हणाली.

"आज बघ."

संध्याकाळी दिवे लागले. हिरामण पुढच्या रांगेत बसला, पाय वर घेऊन. पलीकडच्या रांगेतल्या पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. म्हाताऱ्या बायकांनी कासोटे खोचून गोल धरला. पुढे बायजाबाई होती, चंद्राची माहेरची मैत्रीण. तिने हिरामणला पाहिलं आणि मान हलवली.

नाच सुरू झाला. हिरामणने डोळे मिटले. थोडा वेळ नुसता गलका वाटला. मग सगळ्या पावलांमागून एक पाऊल पडलं. पुन्हा पडलं.

त्याने जनीचं मनगट धरलं. "आली."

"कोण?"

"तुझी आयस."

त्याने डोळे उघडले आणि पाय शोधले. ते पाऊल बायजाबाईचं होतं.

नाच संपल्यावर बायजाबाई पायरीवर धापा टाकत बसली. हिरामण तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"चंद्राचा पाय बरोबर उचललास गो बायजा."

"चंद्राचा?"

"तो मागून पडणारा. तिनंच शिकवला ना तुला?"

बायजाबाईने पदराने तोंड पुसलं. "हा माझाच हाय, भावजी. पयल्यापासून असाच. राणीसाब पण हसायच्या मला."

हिरामणने तिच्या पावलांकडे पाहिलं. मागे पोरं खुर्च्या गोळा करत होती.

"मग तिचा कसा पडायचा?" त्याने विचारलं. "तेवढं तरी दाखव. त्यासाठी आलोय मी."

बायजाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग जनीकडे.

"तिनं तुमाला सांगितलंच नाय?"

"काय?"

"चंद्रा नाचली कवा? गौरीला हात जोडायची नि तिकडं जाऊन बसायची." तिने चुन्याच्या भिंतीकडे बोट केलं. "भिंतीला गाल लावून. आमी ओढायला गेलो की आमच्यावरच खेकसायची, 'गप ऱ्हावा गो, भायेर आमचे गातायत.'"