ओल्या पट्टीखाली

दिवस सातवा. सारजाबाई, विडी कामगार, पोटाचं ऑपरेशन झालेलं. ताप १०३. डाव्या हातातली सलाईनची नळी उपसायला बघते. उजवा हात खाटेला बांधला.

दिवस आठवा. ताप १०४. बडबड चालू: “विडीची ओली पानं आठ दिस गुंडाळून ठिवली की बुरा धरतो. ही नळी बी आठ दिस ओल्या पट्टीखाली हाय. ताप हितनंच येतोय, काढा ती.” तापात बरळते आहे. हात घट्ट बांधला.

दिवस बारावा. रक्ताचा रिपोर्ट आला. रक्तात बुरशी.

मी खाटेपाशी गेलो. “मावशी, नळी काढायला हवी. बुरशीवरचं औषध मुंबईहून मागवलंय. त्यानं हुडहुडी भरेल.”

“भरू दे की. आदी हात सोडा.”

“मी काढतो ना.”

“चार दिस सांगत व्हते, डाक्टर. आता सरका.”

मी गाठ सोडली. कापसाचा बोळा तिच्या हातात दिला. तिनं नळी उपसली आणि बोळा दाबून धरला. मग केसपेपर उघडला.

“काय लिवलं?”

“नळी काढली.”

“कुणी, ते लिवा की.”