सात नंबरचं कपाट

"किल्ली मिळणार नाही," मावशी म्हणाली. "आधी योजनेत लिहा, फोटो काढून झाले की वह्या इथंच परत येतील म्हणून."

संग्रहालयाच्या बैठकीत सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. टेबलावर आराखडा पसरला होता. रोज किती पानं स्कॅन करायची, पानं कोण उलटणार, दिवा किती लांब ठेवायचा. पहिलं कपाट सात नंबरचं, म्हणजे रंगाऱ्यांच्या एकशे अठरा वह्या. कुठल्या झाडाच्या सालीचा कुठला रंग, पाण्याला किती उकळ्या, शाई कशी मुरवायची, सगळं त्यांत होतं.

"मूळ वह्या राजधानीच्या कोठारात जातील," साहेब म्हणाले. "तिथं चोवीस तास थंड हवा असते."

"वह्यांना उकडतंय असं कोण म्हणालं?"

राजधानीहून आलेल्या तज्ज्ञ बाई खुदकन हसल्या. साहेब हसले नाहीत.

"मावशी, तुमचं काम झाडायचं आणि कुलूप लावायचं. तेही धड नाही. अडगळीतली जुनी कोरी रजिस्टरं कुठं गेली?"

"उंदरांना विचारा. आणि मला हे सांगा, रंगाऱ्यांच्या घरून या वह्या दोन दिवसांसाठी म्हणून आणल्या होत्या ना? चाळीस वर्षं झाली. थोरला रंगारी इथं हात जोडून उभा होता. बापाचा निळा अंगठा शेवटच्या पानावर उमटलाय, तेवढा बघू द्या म्हणाला. तुमच्या आधीच्या साहेबांनी अर्ज करायला लावला. वीस वर्षं झाली, उत्तर यायचंय."

"चाळिशीला अक्षरं गिरवलीत नि आता आम्हाला शिकवता?"

"उशिरा गिरवली म्हणून एकेक पक्कं बसलंय."

तज्ज्ञ बाईंनी विषय बदलला. आदल्या दिवशी मावशीनेच काढून दिलेल्या चार वह्या त्यांनी चाळल्या होत्या. "गंमत म्हणजे घरं वेगवेगळी, पण अक्षर एकच. कुणीतरी एकच लेखनिक घरोघर बसून लिहीत असणार. एवढं ठसठशीत, नेटकं अक्षर! मी त्याच्यावर लेख लिहिणार आहे."

"लिहा की," मावशी म्हणाली. "बिचाऱ्याला कुणी कधी शाबासकी दिली नसेल."

साहेबांनी आवाज खाली आणला. "निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कशाला विस्तवात हात घालता? उद्या कुलूप तोडीन, आणि तुमच्यावर कारवाईही करीन."

"तोडा. मी माझ्या हातानं उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी कुलूप तुटलं. मावशी कपाटाला पाठ लावून उभी होती, तिला दोघांनी दंड धरून बाजूला केलं. मग मात्र ती जागची हलली नाही. एकेक वही मोजून पेटीत ठेवायला लावली आणि कागद पुढं केला.

"एकशे अठरा मिळाल्या म्हणून सही करा."

"विश्वास नाही?"

"तुमच्या खात्यावर? नाही."

साहेबांनी सही केली. गाडी निघून गेली. तज्ज्ञ बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. मजकूर आता कधीच हरवणार नाही."

"तेवढं मात्र खरं," मावशी म्हणाली. साहेबांच्या सहीचा कागद तिने घडी घालून कनवटीला लावला आणि ती सरळ रंगाऱ्यांच्या गल्लीत गेली.

थोरला रंगारी आता पार थकला होता. उकळत्या हंड्यापाशी पाटावर बसून तो मांडीवरच्या वहीत बोट ठेवून वाचत होता. तिला बघून त्याने शेवटच्या पानावरच्या निळ्या अंगठ्याला हात लावून नमस्कार केला, वही फडक्यात गुंडाळली आणि विचारलं, "गेल्या का गं सगळ्या?"

"गेल्या, दादा. अठरा वर्षं बसून लिहिल्या होत्या, एका सकाळीत गेल्या."