मच्छरदाणीतले आबा

भर दुपारीही महादबा मच्छरदाणीतच बसत. नात जाळीला नाक लावून “आबा, आत घ्या ना” म्हणायची. ते खेकसून तिला पिटाळत. “मामंजी डासांना फार भितात,” सून हसून सांगायची.

आज दवाखान्यातून त्यांच्या एचआयव्हीच्या गोळ्या आणल्यावर ती जाळीचं भोक शिवायला बसली. “बारीक शिव गं,” ते न राहवून म्हणाले. “मला चावलेला डास पोरीला चावला तर?”

तिची सुई थांबली. “म्हणून हे सगळं? अहो, डासानं नाही पसरत एचआयव्ही. जवळ घेतल्यानंही नाही!”

महादबा जाळीकडे बघत राहिले. मग त्यांनीच गादीखाली खोचलेली कड उपसली. नात थेट मांडीवर येऊन बसली.

“मामंजी, जाळी खाली सोडा. डास शिरतील!”

“शिरू देत.”