राजवाड्यातली एक जागा
गाइडने उभं आयुष्य लोकांना राजवाडा दाखवण्यात घालवलं, पण बायकोला तिथे न्यायचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला. "आधी दरबार, मग शस्त्रागार. राणीच्या महालात गर्दी व्हायच्या आत पोहोचू," तो सवयीने सांगत सुटला. बायको भांडी पुसत ऐकत होती. "तुला काय बघायचंय?" त्याने सहज विचारलं. "तुम्ही दुपारी जिथे डबा खायचात, ती जागा." तबेल्यामागच्या अरुंद जिन्यावर तो बसायचा. तिथे पर्यटकांना मज्जाव होता. "तिथे बघण्यासारखं काही नाही गं." "रोज डबा भरताना मी ती जागा डोळ्यांसमोर आणायचे. एकदा बसू तिथे." त्याने नकाशाची घडी घातली आणि पहारेकऱ्याला फोन लावला. "उद्या तबेल्याचं मागचं दार उघडून ठेवशील? पाहुणी यायचीय."