वाढलेलं वजन

लेक सातव्या महिन्यातच झाली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "काढलेल्या दुधात ही पावडर मिसळून वाटी-चमच्याने पाजा. हिला अजून जास्तीची ताकद लागते." सासूबाईंना ते काही पटलं नाही. "आईच्या दुधात पावडर टाकते काय वं कोणी, मिनल? तुझं दूधच पातळ असन." मागच्या वेळी दवाखान्यात तपासायला नेलं तर लेकीचं वजन जराही वाढलं नव्हतं, तेव्हा हुडकेश्वरला घरी पोचेपर्यंत ऑटोत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आज मात्र काट्यावरचा आकडा बघून मॅडम हसल्या. "अरे वा! छान वाढलीय की. मग पावडर आजपासून बंद करू या. आता नुसतं आईचं दूध पुरेल."

सासूबाईंनी तिथेच, सगळ्या बायांसमोर, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माह्या सुनेचं दूध हाय ते! म्या म्हणतच होती, काही कमी नाही पोरीत."

लग्न झाल्यापासून त्या माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलत होत्या. वाटलं, काही बोलू नये, तो हात तसाच पाठीवर राहू द्यावा. काट्यावर पडल्या पडल्या लेक माझ्याकडेच टकमक बघत होती.

"मॅडम, पुन्हा एकदा मोजता का?" मी म्हणाले, आणि थंडीचं निमित्त सांगून पायांत तसेच ठेवलेले तिचे लोकरीचे मोजे उतरवून, सकाळी मीच त्यांच्या आत चढवलेले जड चांदीचे वाळे काढून ठेवले.